अक्षत साऱ्या गावाला

३ फेब्रुवारी, सोमवार

पतपेढीची डायरी दरवर्षी येते आणि दरवर्षी हे तिच्यात प्लंबरचे आणि केबलवाल्याचे नंबर लिहून ती फुकट घालवतात. यंदा मी ती आधीच गव्हाच्या डब्यामागे ठेवून दिली. घरात बोलायला माणूस नाही म्हटल्यावर कागदाशी बोलायला काय हरकत आहे? म्हणजे माणूस आहे. पण गेल्या जूनपासून आमचं बोलणं असं चालतं: ‘मोटार लावली?’ ‘लावली.’ ‘जेवता?’ ‘वाढ.’

जूनमध्ये निशी घर सोडून गेली. निशिगंधा, आमची एकुलती एक. डोंबिवलीच्या कडेला आमचं गाव. गाव म्हणजे आता टॉवरांच्या मधे अडकलेल्या चार गल्ल्या, पण माणसं तीच, आगरी, मिठागरावर राबलेल्यांची नातवंडं. आमच्याकडे लग्नात धवला गातात. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक कामाचं वेगळं गाणं, आणि ते गाणारी बाई ती धवलारीण. गावची धवलारीण सखुबाई मागच्याच गल्लीत राहते. निशी लहानपणापासून तिच्या ओट्यावर पडीक. कॉलेजात गेल्यावर तेच धवले ही गिटारवर गायला लागली. गिटार वाजवतो तो मुकुल, कल्याणजवळच्या मोहने गावचा. दोघांच्या बँडचं नाव ‘मिठागर’. नाव ऐकून हे खूश झाले होते. मग कळलं की धवला स्टेजवर गाणार, तिकीट लावून.

‘धवला लगनात गायचा,’ हे म्हणाले. ‘कुनाचा लगीन नाय, काय नाय, नुसता माइक धरून गायचा म्हंजे अपशकुन हाय.’

निशी गप्प बसणाऱ्यातली नाही. ‘मग माझ्या लग्नात गाईन. आणि तुम्हाला बोलावणारच नाही.’

‘नको बोलवू,’ हे म्हणाले.

त्याच संध्याकाळी तिने बॅग भरली. आता वर्तकनगरला मैत्रिणीबरोबर खोलीत राहते. मी दुपारी फोन करते, हे देवळाच्या कट्ट्यावर गेले की.

आज त्या मैत्रिणीचा, समृद्धीचा फोन आला. ‘काकू, आपण स्ट्रीट टीम बनवतोय. म्हणजे फॅन लोक स्वतः रस्त्यावर उतरून प्रचार करतात. पोस्टर लावायचे, पत्रकं वाटायची, लोकांशी बोलायचं. पैसे नाय भेटत, प्रेमाने करायचं. ठाणे, कल्याण सगळीकडे आपली पोरं आहेत, तुमच्या साइडलाच कोणी नाय.’

निवडणुकीचा प्रचार मी पाहिलाय. त्यात निदान वडापाव मिळतो.

मग ती हळू आवाजात म्हणाली की मागच्या कार्यक्रमाला दोन रांगासुद्धा भरल्या नव्हत्या. दोन मार्चला मोहन्याच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये कार्यक्रम आहे, प्रवेश फुकट ठेवलाय. तोही रिकामा गेला तर निशी गाणं सोडून बंगळूरला नोकरीला जाणार. तिकडून पत्र आलंय. ‘तुम्हाला सांगू नको म्हणालीये. मी सांगितलं नाय असं समजा.’

मी हो म्हटलं. मग भाजी चिरताना विचार करत बसले की मी नक्की कशाला हो म्हटलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

यांना सांगितलं की चुलत बहिणीकडे जाते, आणि वर्तकनगर गाठलं. खोलीत दहाबारा पोरं जमिनीवर बसलेली. मला एकटीला खुर्ची दिली, त्यामुळे मी हळदीला आलेली विहीणबाई दिसत होते. मिठागर लिहिलेला टी-शर्ट दिला. साडीवर घालावा की साडीऐवजी, हे विचारायची हिंमत झाली नाही.

समृद्धीने फळ्यावर लिहून शिकवलं. अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बघून हसायचं. चार वाक्यांत सांगायचं. पत्रक हातात द्यायचं, ‘घेता का’ असं विचारायचं नाही. मी म्हटलं, अनोळखी पुरुषाच्या डोळ्यांत बघून हसायचं वय माझं होतं तेव्हा कोणी शिकवलं नाही. पोरं हसली. निशी हसली नाही. वाळली आहे. गळ्याची हाडं दिसतात.

पत्रक झकास आहे. पिवळा कागद, कोपऱ्यात कलश, आंब्याची पानं. ‘मुद्दाम पत्रिकेसारखं केलंय,’ समृद्धी म्हणाली. वर ‘निशिगंधा आणि मुकुल’, खाली तारीख, संध्याकाळी सात, हॉलचं नाव, मोहने. मधे बारीक अक्षरांत धवला-गिटार वगैरे. चष्मा लावून वाचलं.

निघताना निशी जिन्यापर्यंत आली. ‘आई, तुला जमेल ना? नाही जमलं तरी चालेल.’ बाबांचं काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही की तिच्या खोलीतला पंखा हे दर रविवारी पुसतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

फडके रोडवर उभी राहिले. टी-शर्ट घातला नाही, पिशवीत ठेवला. हसले. एका बाईने मला ओळखल्यासारखं केलं आणि मग ओळखत नाही हे कळल्यावर रागावली. कॉलेजच्या पोरांनी पत्रकं घेतली, कोपऱ्यावर जाऊन टाकली. एका गृहस्थाने तर माझ्यासमोर त्याचा द्रोण करून शेंगदाणे खाल्ले. निशीच्या नावावर मीठमसाला. मी म्हटलं, ‘अहो, ती माझी मुलगी आहे.’ त्याने उरलेले शेंगदाणे मला देऊ केले.

रस्त्यावर पडलेली वेचून आणली. ओली झालेली टाकली.

खरं लिहायचं तर एक मन म्हणतं, पडू दे हा कार्यक्रम. गाणं सुटलं की भांडण सुटलं. मग दुसरं मन म्हणतं, गाणं सुटलं की ती बंगळूरला जाईल, आणि भांडण इथेच राहील, आमच्या दोघांच्या ताटात. मला कुठल्या बाजूने प्रचार करायचा तेच कळत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

देव पुसताना सुचलं. देव्हाऱ्याच्या मागे गेल्या काही वर्षांतल्या पत्रिकांचा गठ्ठा आहे. ज्यांची लग्नं होऊन पोरं झाली त्यांच्याही. का ठेवतो आपण? कारण त्यांना अक्षत लागलेली असते. अक्षत लागलेला कागद कोणी फेकत नाही, त्यात शेंगदाणे तर मुळीच खात नाही.

आणि अनोळखी माणसाकडे बघून हसायला मला येत नाही, पण घरोघरी आवतण द्यायला येतं. रतन भाऊजींच्या दोन्ही पोरांच्या लग्नांत साऱ्या गावाला मीच अक्षत दिली होती. त्या फळ्यावरच्या शिकवणीपेक्षा ही रीत जुनी आहे. इतकं साधं त्या पोरांना कसं सुचलं नाही?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हे सकाळीच कल्याणला कोर्टाच्या कामाला गेले. मी हिरवी साडी नेसले, तांदूळ हळदकुंकवात माखले, पत्रकं घडी घालून पिशवीत घेतली आणि मारुतीच्या देवळापासून सुरुवात केली. पहिली अक्षत देवाला. मग प्रत्येक दारात बाईला हळदकुंकू लावायचं, हातावर पत्रक, त्यावर चार दाणे. ‘आमच्या निशीचं आहे मोहन्याला. नक्की यायचं. सगळ्यांनी यायचं.’ आणि हळूच, ‘यांच्या कानावर घालू नका हां. यांना पसंत नाही.’ गाण्याचं कागदावर लिहिलंच आहे; तोंडाने नाव काढलं तर गावात लगेच बोभाटा होतो.

काय सांगू, एकाही बाईने कागद खाली ठेवला नाही! सगळ्यांनी कपाळाला लावला. शेजारची कमलेशची आई तर माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, ‘शालू, आईची जात. तू उभी रायलीस ना पोरीच्या पाठी, बास.’ गाण्यासाठी इतकं कोणाला वाटत असेल असं वाटलं नव्हतं. माणसांना आपण उगीच कमी लेखतो.

एकीने विचारलं, ‘पोऱ्या कुठला?’

‘मोहन्याचाच. गिटार वाजवतो. शांत आहे स्वभावाने.’

‘आपल्यातला नाय ना?’

मला रागच आला. ‘गाण्याबजावण्यात कसली जात बघता?’ म्हटलं. तिने दाणे मुठीत धरले. मग म्हणाली, ‘तुजी हिंमत बाई मोठी.’

सखुबाईकडे शेवटी गेले. ऐंशीच्या घरात आली ती. आता हळदीला डीजे असतो, तिला कोणी बोलावत नाही, ओट्यावर बसून वाल सोलत असते. तिच्या हातावर अक्षत ठेवली तर ती दाण्यांकडे बघतच राहिली. ‘धवला हाय का?’

‘धवलाच तर आहे,’ म्हटलं. ‘तूच शिकवलास तिला.’

‘मंग मी येन,’ म्हणाली. ‘चालता नाय आला तरी येन. मला कोनीतरी घेऊन चला.’

घरी आले तर पाय गेले होते, पण पिशवी रिकामी. समृद्धीला फोन केला. ती ओरडली, ‘काकू, तुम्ही तर रॉकस्टार!’

१६ फेब्रुवारी, रविवार

लोक विचित्र वागतायत. वाण्याच्या दुकानात गेले की बायका बोलायच्या थांबतात आणि मला पुढे जागा देतात. जाऊबाई, रतन भाऊजींची बायको, जिने माझ्याशी पाण्याच्या पाइपावरून अबोला धरला होता, ती स्वतःहून आली आणि हळू आवाजात म्हणाली, ‘काय लागला तर सांग. भांडी हायत, पातेली हायत.’

मी म्हटलं, पातेली कशाला, सगळं हॉलवर आहे. चहा-बिस्किटं पोरं बघतायत.

‘नुसता चा?’ ती म्हणाली. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. ‘चालल. अशा वेली नाय बघायचा.’

कशा वेळी? विचारेपर्यंत गेली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

यांचं काय चाललंय कळत नाही. काल रतन भाऊजी कट्ट्यावरून यांच्याबरोबर घरापर्यंत चालत आले, दोघं बराच वेळ फाटकाशी उभे. भाऊजींचा आवाज चढलेला, यांचा नाही. शब्द कळले नाहीत, पण शेवटी हे म्हणाले ते ऐकू आलं: ‘मला म्हाईत हाय. मीच सांगितलाय तिला.’ काय माहीत आहे? कोणाला काय सांगितलंय?

आत आले, जेवले नाहीत. आणि आज सकाळी तेलरंगाचा डबा घेऊन आले आणि दाराची चौकट घासायला बसले. दिवाळीला मी पाया पडून सांगत होते तेव्हा रंगवली नाही, आता फेब्रुवारीत!

दुपारी रंग लागलेल्या हाताने पाणी मागितलं. भांडं घेतलं आणि म्हणाले, ‘शालू, तुला काय सांगायचा हाय का मला?’

पत्रकाचं कळलं असणार. आता कळलं असेल तर कार्यक्रमाच्या दिवशी हॉलवर जाऊन तमाशा करतील, माइक हिसकावून घेतील, पोरीची उरलीसुरली उमेद जाईल. मी म्हटलं, ‘नाही. काय सांगायचंय?’

ते माझ्याकडे बघत राहिले. चोवीस-पंचवीस वर्षं झाली लग्नाला, पण असं कधी बघितलं नव्हतं. मग भांडं ठेवून परत चौकटीशी गेले. मला रडू आलं आणि ते का आलं हेही कळलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

समृद्धीने ग्रुपवर लिहिलंय: ‘गाइज, मुकुलच्या चाळीसमोर काल एक काका खूप वेळ उभे होते. व्हाइट शर्ट. चहाच्या टपरीवर मुकुलच्या घरच्यांची चौकशी करत होते. कोणाला आयडिया?’ कोणी लिहिलं, पोलीस असतील. कोणी लिहिलं, प्रोड्यूसर असेल. मग दिवसभर सगळे प्रोड्यूसर म्हणूनच नाचतायत.

मी म्हटलं चांगलं आहे. असे मोठे लोक साधेच असतात म्हणे.

हे काल दिवसभर बाहेर होते. खडवलीला नदीवर जाऊन आलो म्हणाले. नदीवर गेलेल्या माणसाच्या चपला कोरड्या आणि लाल धुळीने माखलेल्या. संध्याकाळी जेवता जेवता एकदम म्हणाले, ‘बाप कारखान्यात होता. कारखाना बंद झाला तरी पोराला शिकवलान. आय पन बरी वाटते, दारात तुलस हाय.’

‘कोणाची?’

‘असाच एक माणूस,’ म्हणाले. आणि दुसरी भाकरी घेतली. किती दिवसांनी दुसरी भाकरी घेतली! त्यामुळे मी पुढे विचारलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. उपास. यांनीही धरला. देवळात पिंडीसमोर इतका वेळ हात जोडून उभे की मागच्यांनी ढकललं. देवाशी भांडत होते की मागत होते, पाठीवरून काही कळत नव्हतं.

निशीचा फोन आला. आवाज बसलाय, तालमी चालू आहेत. म्हणाली, ‘आई, शंभर माणसं आली तरी मी थांबेन. बंगळूरला कळवून टाकेन.’ म्हणजे बंगळूरचं मला माहीत आहे हे तिला माहीत आहे. या घरात प्रत्येकाला काहीतरी माहीत आहे आणि प्रत्येकजण गप्प आहे.

१ मार्च, शनिवार

यांनी दाढी केली, नवीन पांढरी टोपी आणली, सदरा इस्त्रीला दिला आणि तो घेऊन येऊन खुंटीला लावला. मी विचारलं, ‘कुठे जायचंय?’

‘कुटंच नाय. मला कोन बोलवतोय?’

संध्याकाळी कपाट उघडून काहीतरी वर्तमानपत्रात गुंडाळून खिशात टाकलं. मला पाहून पाठ फिरवली. डॉक्टरला दाखवावं का? जाऊबाईला विचारलं तर तिने पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, ‘बापाचा मन असता.’

उद्या कार्यक्रम. यांना सांगणार आहे की चुलत बहिणीकडे... नाही, ते एकदा सांगून झालं, काहीतरी चांगलं कारण शोधायला हवं.

३ मार्च, सोमवार

काल लिहिणं शक्य नव्हतं. आज लिहिते, नाहीतर उद्या माझं मलाच खरं वाटणार नाही.

दुपारी मी ‘भजन आहे’ असं सांगून निघाले. यांनी मान हलवली. माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणाले, ‘सांभालून जा. पोरीला...’ आणि थांबले.

हॉलवर पोरांनी खुर्च्या मांडल्या, दिव्यांच्या माळा सोडल्या. सहा वाजून गेले. एक चिटपाखरू नाही. समृद्धी नखं खात होती. आणि मग बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. एक, मागून दुसरा, मागून रिक्षा. पोरं दाराशी धावली.

आमचं गाव उतरत होतं. सगळं गाव. पुरुष पांढऱ्या टोप्यांत. बायका नऊवारीत, गळे सोन्याने भरलेले, केसांत अबोलीचे वळेसर. हातात स्टीलचे डबे, कळश्या, समया, साडीचे खोके, त्यावर नारळ. कमलेशची आई घामाघूम होऊन भलंमोठं पातेलं उतरवून घेत होती.

समृद्धी माझ्या कानाशी आली. ‘काकू, गिफ्ट? पब्लिक गिफ्ट घेऊन आलीये?’

मला वाटलं कलाकाराचा सत्कार करायचाय.

जाऊबाई माझ्यापाशी आली. इकडेतिकडे बघितलं. ‘शालू, भटजी कुटं बसलेत? आनि नवऱ्याकरची मानसा कुटली?’

तेव्हा कळलं. एका क्षणात नाही, हळूहळू कळलं. हिरवी साडी, हळदकुंकू, अक्षत, लग्नाचा हॉल, पिवळा कागद, वर मुलीचं नाव आणि मुलाचं नाव. कागदावर मधे काय लिहिलंय ते वाचायचं कोणाला सुचेल? पत्रिका कोण वाचतं? तारीख आणि हॉल बघतात. आणि मीच प्रत्येक दारात सांगितलं होतं, यांना पसंत नाही, यांच्या कानावर घालू नका.

मी तिथेच खुर्चीवर बसले. जाऊबाईला सांगितलं, लग्न नाही, गाणं आहे. तिने ते मागे सांगितलं, ते मागे गेलं, आणि सगळा हॉल मधमाश्यांचं पोळं फोडल्यासारखा गुणगुणायला लागला. रतन भाऊजी ओरडले, ‘हसा केलास आमचा! चला सगले.’ आठदहा घरं उठून गेली. कळश्या परत टेम्पोत चढल्या. निशी पडद्यामागून आली, तिचं तोंड पांढरं पडलं होतं. ‘आई, काय करून ठेवलंस तू? सगळ्यांना वाटलं माझं आणि मुकुलचं...’ मुकुल बिचारा गिटार धरून भिंतीला टेकला होता. त्याची आई पहिल्या रांगेत बसलेली, तिला तर कोणी काही सांगितलंच नव्हतं. तीही उठली.

सखुबाईला दोघांनी खुर्चीसकट पुढे आणून ठेवलं होतं. नवीन लुगडं, कपाळभर कुंकू. तिला बहुतेक नीट ऐकू आलं नव्हतं, किंवा आलं असेल. तिने आजूबाजूला बघितलं, दिव्यांच्या माळा बघितल्या, आणि विचारलं, ‘मांडव घातलाव ना?’

‘घातलाय,’ निशी म्हणाली.

‘मंग हुब्या काय रायल्याव?’ आणि म्हातारीने डोळे मिटून धवला धरला. मांडवाचा, पहिला. आवाज फाटलेला, पण वर चढला. धवल्यात एकीने ओळ टाकली की बाकीच्यांनी उचलायची असते. कमलेशच्या आईने पातेलं खाली ठेवलं आणि उचलली. मग जाऊबाईने. ती निघता निघता दारात थांबलेली, एका हातात खोका. मग निघालेल्या बायका परत आल्या. मुकुलने हळूच सूर शोधला. निशी स्टेजवर गेलीच नाही. ती सखुबाईच्या पायाशी जमिनीवर बसली आणि तिथूनच गायली.

कार्यक्रम चांगला झाला की वाईट, मला सांगता येणार नाही. निम्म्या बायका रडत होत्या, त्या गाण्याने की लग्न नाही म्हणून, देव जाणे. समृद्धी म्हणते, असं कधीच कुठे झालं नाही. माणसं शंभराच्या वर होती. पण ती गाण्यासाठी आली नव्हती, मग ती मोजायची का? निशी बंगळूरला काय कळवणार ते अजून बोलली नाही. मी विचारलं नाही.

पण ते सगळं नंतर. त्याआधी, धवला नुकता सुरू झाला होता तेव्हा मी वारा घ्यायला बाहेर गेले, आणि फाटकाशी, चपलांच्या ढिगापलीकडे, हे उभे होते. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. आत येत नव्हते. आत येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडून ‘या, या’ म्हणत होते. उठून चाललेल्या लोकांनाही ‘या’ म्हणत होते.

मला पाहिल्यावर हात खाली आले. ‘मी लगेच जातंय,’ म्हणाले. ‘मी फकस्त लांबून बगनार होतू. अंतरपाट धरताना एकदा बगून जाईन म्हटला.’ खिशातून ती वर्तमानपत्राची पुडी काढून माझ्यापुढे केली. ‘यवढा दे तिला. मी दिलाय सांगू नको.’

आत मोत्याच्या मुंडावळ्या होत्या. माझ्या लग्नातल्या.

‘अहो, तुम्ही मला विचारलं का नाही?’

‘विचारला मी,’ ते म्हणाले. ‘रंग लावताना विचारला. तू नाय म्हनलीस.’ मग खाली चपलांकडे बघत म्हणाले, ‘साऱ्या गावाला अक्षत दिलीस शालू. मारुतीला दिलीस. रतनच्या घरी दिलीस. आपल्या घरात नाय दिलीस.’

मी दारादारांत फिरले, आणि माझ्याच दाराची चौकट तेवढी चुकली. चौकट तर त्यांनी रंगवून ठेवली होती.

मी सांगितलं. रस्त्यावरचा प्रचार, पत्रक, शेंगदाणे, देव्हाऱ्यामागचा गठ्ठा, सगळं उलटसुलट. त्यांना किती कळलं देव जाणे. आतून बायकांचा आवाज येत होता. ते ऐकत होते की माझं ऐकत होते, कळेना.

‘म्हंजे आज लगीन नाय?’

‘नाही.’

‘झाला पन नाय? आदी कवा?’

‘नाही हो. कुठलं लग्न? नुसतं गाणं आहे.’

ते फाटकाच्या पायरीवर बसले. टोपी काढली, मांडीवर ठेवली. मला वाटलं आता चिडतील, नुसतं गाणं म्हटल्यावर तर नक्कीच. आणि त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. माझा नवरा रडताना मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

‘मंग तिच्या लगनातला माजा अजून काय चुकला नाय,’ ते म्हणाले. ‘शालू, मंग अजून काय चुकला नाय माजा.’

पिशवी झटकली. तळाच्या शिवणीत अडकलेले चार दाणे निघाले, हळद उडून पांढरे झालेले. त्यांच्या हातावर ठेवले.

‘आमच्या निशीचं आहे,’ म्हटलं. ‘नक्की यायचं.’

त्यांनी दाणे कपाळाला लावले, चपला काढल्या आणि आत गेले.